दुसऱ्या आवाजाला ग वर्ज्य

बंबात वही टाकली की पानं आधी पेटतात. पुठ्ठा बराच वेळ नुसता धुमसतो.

विंझरच्या गोरखच्या टेम्पोचा हॉर्न पेटीच्या काळी दोनच्या सुरात वाजतो. मुद्दाम बसवलाय का विचारलं, तर म्हणतो, कंपनीतनं तसाच आला.

परीक्षकांचा शेरा, निळ्या शाईत: ‘दुसरा आवाज बेसूर. समूहात एकजीवपणा नाही. पोशाख नीटनेटका.’

शुद्धलेखनात चुकलेला शब्द दहा वेळा लिहायचा. ‘आशीर्वाद’ बहुतेकांना वीस वेळा लिहावा लागे.

सन १९८९, भोरचा एसटी स्टँड. सुटलेल्या गाडीच्या खिडकीतून बाहेर आलेला एक हात, हातात कागदांचं भेंडोळं. “ड म्हणजे तुमचा सा! स म्हणजे प! ल म्हणजे ध, ट म्हणजे नी! बाकीचं तसंच!”

चर्चच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने, ऑइलपेंटमध्ये: दुसऱ्या आवाजाला ग वर्ज्य.

*

आता हे सगळं एका दोऱ्यात ओवायचं तर सुरुवात नूतनपासून करायला हवी.

नूतन पुण्यातल्या एका शाळेत संगीत शिकवायची आणि रविवारी तिथल्या मोठ्या चर्चच्या क्वायरमध्ये दुसरा आवाज, म्हणजे मुख्य चालीच्या खालून चालणारी जोडचाल, गायची. वीस वर्षं गायली; रविवार तिथंच जायचे, त्यामुळे वडिलांचं मंडळ तिनं जाणत्या कानानं कधी ऐकलंच नव्हतं. जूनमध्ये भोरला वडिलांचं डावं अंग गेलं, तशी ती लांब रजा टाकून घरी आली. आई, रतनबाई, जाऊन पंधरा वर्षं झालेली. घरात ती, वडील आणि कापडाखाली झाकलेली पेटी.

वडील म्हणजे आनंदराव मास्तर. नोकरी सगळी वेल्ह्याकडच्या शाळांत काढली आणि भोरच्या लहानशा चर्चचं गायनमंडळ चौतीस वर्षं पेटीवर बसून चालवलं. जुनी माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतात. अकरा घरांचं देऊळ, नऊ जणांचं मंडळ. त्या नवांतला गोरख तर ख्रिस्तीसुद्धा नाही. विंझरचा भातशेतीवाला, मास्तरांचा जुना विद्यार्थी. गावात काकड्याला टाळ धरायचा आणि रविवारी इथं येऊन खर्जात गायचा. प्रभुभोजन सुरू झालं की गुपचूप बाहेर जाऊन टेम्पोत बसायचा आणि शेवटच्या गीताला परत यायचा. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं, ये म्हणायचीही गरज पडली नव्हती.

मास्तरांचा हात गेल्यावर पेटी बंद झाली. पाळकसाहेब घरी आले. नाताळाआधी पुण्यात गीतमेळावा भरतो, गावोगावची मंडळं येतात. गेल्या वर्षी भोरचं मंडळ तिथं हसं करून घेऊन परतलं होतं. तो निळ्या शाईतला शेरा आनंदरावांनी घडी घालून पवित्र शास्त्रात ठेवला होता, आणि त्या दिवसापासून मेळाव्याचं नाव काढलं नव्हतं.

“नूतनबाई, यंदा तुम्ही बघा,” पाळकसाहेब ओसरीवर येऊन हळू आवाजात म्हणाले. “मास्तर आहेत तोवर एकदा तरी त्यांच्या मंडळाला कुणी चांगलं म्हणू दे.”

नूतनलाही तेवढंच हवं होतं.

*

गुरुवारी दुपारी चारला ती सरावाला गेली. पहिलं गीत ऐकलं. पुरुषांचा आवाज ठीक होता. गोरख जरा जास्तच ठीक होता, बाकीचे दोघे त्याच्याखाली दबले होते. बायकांचा पहिला आवाज सोनियाच्या मागून नीट चालला होता. पण दुसरा आवाज! मध्येमध्ये तो असा काही टोचायचा की अंगावर काटा यावा, आणि शेवटच्या ‘आमेन’वर तर सगळे घरी पोचायचे आणि दुसरा आवाज उंबऱ्यातच उभा राहायचा.

दुसऱ्या आवाजाची म्होरकी कोंडाबाई. वय सहासष्ट, सारोळ्याहून एसटीने यायची, जिभेला हाड नाही.

“काकू, शेवटी कुठला सूर लावलात?”

“म.”

“ग लावून बघा बरं.”

कोंडाबाईनं तोंडावर हात ठेवला. “अगं बया! ग वर्ज्य हाय.”

“कुणी सांगितलं?”

“कुनी म्हंजी? तुज्या बापानं. लिवून ठेवलंय.” तिनं उठून कपाटाचं दार उघडलं आणि आतली रंगवलेली अक्षरं दाखवली. “जसा एकेका रागाला एकेक सूर चालत न्हाई, तसा सायबाच्या दुसऱ्या आवाजाला ग चालत न्हाई. चौतीस वर्सं आमी पाळलाय.”

नूतनला हसू आलं.

घरी येऊन तिनं वडिलांची वही काढली. जाड पुठ्ठ्याची, कडांना तेलकट झालेली. साठ पानं लिहिलेली. पहिल्याच पानावर तिला सगळं कळलं. तिथं सा रे ग म नव्हतंच. ड र म फ स ल ट होतं. मिशनच्या काळातली ती जुनी अक्षरं, डो-रे-मी-फा. कुणा जुन्या माणसानं ती देवनागरीत उतरवली होती आणि स्टँडवर खिडकीतून वडिलांच्या हातात कोंबली होती; ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती, वही त्याच कागदांवरून उतरवलेली. अक्षरांचा अर्थ सांगायला गाडीनं जेवढा वेळ दिला तेवढ्यात त्यानं चार अक्षरं सांगितली आणि म्हणाला, बाकीचं तसंच.

र म्हणजे रे, ते खरोखर तसंच होतं. पण म म्हणजे मी, आणि मी म्हणजे आपला ग. ते तसंच नव्हतं.

भजनी पेटी शिकलेल्या माणसानं म ला म वाचलं. मग पानामागून पान ग कुठंच दिसेना, तेव्हा त्यानं आपल्या पद्धतीनं डोकं चालवलं. गायनात एखादा सूर वर्ज्य असतोच. साहेब लोकांच्या दुसऱ्या आवाजात ग वर्ज्य असणार. फ दिसला की तोही मच, फक्त जोरात, असं त्यानंच ठरवून समासात लिहून ठेवलं होतं.

पलीकडच्या खोलीत वडील खोकले. नूतननं वही मिटली आणि परत उघडली.

तिनं एकेका पानाचा मोबाईलवर फोटो घेतला. एकोणसाठ पानांचे घेतले. साठावं पान वेगळं होतं. वर लिहिलं होतं, ‘स्वतःची चाल. रतनसाठी.’ त्याखालचे सूर सा रे ग म मध्येच होते, म्हणजे तिथं दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. आणि दुसऱ्याचं पत्र वाचल्यासारखं वाटलं. तिनं ते पान न वाचता वही जागेवर ठेवली.

*

‘भोर गायनमंडळ’ या मोबाईलवरच्या ग्रुपवर नूतननं टाकलेले निरोप, सप्टेंबर ते डिसेंबर:

गुरुवारपासून दुसरा आवाज ग लावणार. का ते भेटल्यावर सांगते. बाबांना यातलं काही सांगायचं नाही. हे सगळ्यांसाठी.

रोज दहा मिनिटं तोंड मिटून गुणगुणायचं. नाकाचा शेंडा गुदगुल्या झाल्यासारखा वाटला पाहिजे.

‘आमेन’ म्हणायचं. निम्मे ‘आमीन’ म्हणतात, निम्मे ‘आम्येन’. एकच तोंड करा.

शेजारणीचा आवाज ऐकू आला पाहिजे. आपलाच ऐकू येत असेल तर आपण मोठ्यानं गातोय.

गोरखभाऊ, वरचा निरोप पुन्हा वाचा.

(गोरखचं उत्तर: वाचला ताई. टेम्पोत पन हळू गातोय. म्हशी रस्त्यातनं हटंनात.)

*

सरावाला ती त्यांना गोलात उभं करायची. डोळे मिटायला लावायची. “एकजीव व्हायचं. कुणाचा आवाज कुठला ते कळता कामा नये.”

“म्हंजी गिचका भात,” कोंडाबाई म्हणाली.

“काकू!”

“मंग काय गं? आमच्या हितं इंद्रायणीचा दाना दान्याला चिकटला तरी दाना दिसतो. तू गोळा करायला निघालीस.”

सगळे हसले. नूतनही हसली. पण गोळा झाला. हळूहळू झाला. म सोडायला कोंडाबाईला सहा आठवडे लागले. ग लावायच्या आधी ती नकळत डोळे घट्ट मिटायची, कडू औषध घ्यावं तशी. एके दिवशी ‘आमेन’ असं काही बसलं की छताखालच्या पत्र्यांतून बारीक गुणगुण उतरली, आणि कुणी पुढचं गीत काढेना.

डिसेंबरात पुण्याला गेले. पहिल्या तिघांत आले. या वेळचा शेरा होता, ‘उत्तम एकजीवपणा. दुसरा आवाज विशेष उल्लेखनीय.’

दुसऱ्या दिवशी सगळं मंडळ मास्तरांच्या घरी आलं. आनंदराव उशीला टेकून बसले होते. सकाळीच दाढी करून घेतली होती. शेरा त्यांनी उजव्या हातात धरून दोनदा वाचला. सोनियानं मोबाईल त्यांच्या कानाशी धरला. गीत संपेपर्यंत त्यांची मान हलत होती. संपल्यावर म्हणाले, “छान. कोण कुठला ते कळतच नाही.”

“त्येच तर!” कोंडाबाईला आनंद पोटात मावेना. पेढा तोंडात तसाच ठेवून ती बोलली, “आन मास्तर, तुमी लई उपाशी ठेवलंत हो आमाला. चौतीस वर्सं! ग खाल्लाच न्हाई की आमी! आता पोरीनं जेवू घातला.”

दोघं-तिघं हसले. आनंदरावही हसले. मग त्यांनी विचारलं, “कुठला ग?”

गोरखनं चपला शोधायला सुरुवात केली.

“कोंडाबाई, कुठला ग?”

कोंडाबाईनं नूतनकडे पाहिलं.

मंडळ गेल्यावर नूतननं सांगितलं. दुसरा मार्गच नव्हता. ती कॉटच्या कडेवर बसून सांगत होती आणि ते समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होते.

“म म्हणजे मी,” ती म्हणाली. “मी म्हणजे आपला ग.”

“तो म्हणाला होता, बाकीचं तसंच.”

“त्याची चूक, बाबा. तुमची नाही.”

“मी विचारायला हवं होतं. पत्र टाकलं असतं. चौतीस वर्षं माणसाला पत्र टाकता येतं.” मग त्यांनी विचारलं, “आणि फ?”

“फ म्हणजे म.”

“म्हणजे जोरात म्हणायला लावायचो, तो…”

“तो बरोबर होता.”

“तेवढाच,” आनंदराव म्हणाले.

मग त्यांनी तिला विचारलं की पहिल्या दिवशी ऐकल्याबरोबर कळलं का. ती हो म्हणाली. मग सप्टेंबरपासून आजपर्यंत रोज ताटावर बसताना तुला माहीत होतं, असंही त्यांनी विचारलं, पण ते विचारल्यासारखं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणायला सांगितली. आखीव.

“कशाला, बाबा?”

“पक्की प्रत करतो.”

वर्गात मुलगा चुकला की त्याला शिक्षा म्हणून आनंदराव कधी मारत नसत. चुकलेलं शुद्ध करून लिहायला लावत. आता ते स्वतः बसले. डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. पान सरकू नये म्हणून त्यावर अडकित्ता ठेवायचे. रोज सकाळी दोन गीतं, दुपारी एक. ड चा सा केला. स चा प केला. म चा ग केला. ओळ संपली की बोटानं परत तपासायचे आणि पुटपुटायचे, “म चा ग. म चा ग.”

नूतन स्वयंपाकघरातून ते ऐकायची. तिला बरंच वाटत होतं. माणूस कामाला लागलाय, भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा चांगलं. ती पाळकसाहेबांनाही तसं म्हणाली.

जानेवारीच्या शेवटी एका गुरुवारी ती सरावाहून परतली तर मागच्या अंगणात बंब पेटलेला. वडील शेजारी खुर्चीवर बसलेले, एकट्यानं भिंत धरत तिथवर आलेले. बंबाच्या तोंडाशी पुठ्ठा धुमसत होता.

“बाबा, काय जाळलंत?”

“कच्ची वही. आता तिचं काय काम?” ते म्हणाले. “पाणी तापलंय. अंघोळ करून घे, दमून आलीस.”

त्या पाण्यानं नूतननं अंघोळ केली.

त्याच आठवड्यात त्यांनी पक्की वही तिच्या हातात दिली. खाकी कव्हर घातलेलं, त्यावर शाळेच्या अक्षरात गायनमंडळाचं नाव. “ही घे. एकही चूक नाही.”

ती म्हणाली, “तुमचं अक्षर अजून तसंच आहे.” वही उघडून पहिली दोन-चार पानं तिनं पाहिली. शेवटचं पाहिलं नाही.

सोळा फेब्रुवारीला सकाळी चहा घेताना त्यांच्या हातातून बशी पडली. ससूनला नेईपर्यंत, खेड शिवापूरच्या अलीकडेच, सगळं आटोपलं होतं. टेम्पो गोरख चालवत होता. नूतननं थांब म्हटल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ स्टिअरिंग सोडलं नाही.

*

दफनानंतर आठ दिवसांनी स्मरणाची उपासना ठेवायची ठरली. गीतं निवडायला मंडळ जमलं. कोंडाबाई पेढ्यांच्या दिवसापासून नूतनच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. कोपऱ्यातूनच म्हणाली, “मास्तरांनी एक चाल बांधल्याली. रतनवैनींच्या मागं. कुनाला म्हनून दावली न्हाई कदी. ती म्हनू या का?”

नूतननं पक्की वही उघडली. साठावं पान. ‘स्वतःची चाल. रतनसाठी.’ खाली शब्द होते,

पान मांडलंय, प्रभो, तू वाढ

आणि त्याखाली सूर,

प प ग ग । रे ग ग – । ग ग ग रे । सा – – –

तिनं पेटीवर वाजवलं. पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवताना तिची बोटं थांबली.

हे पान कच्च्या वहीत सा रे ग म मध्ये होतं. यात म खरोखरचा म होता. एकोणसाठ पानं म चा ग करत आलेला हात साठाव्या पानावर थांबला नव्हता. की थांबला होता, आणि मग मुद्दाम पुढे गेला? आपला कुठलाच म आता खरा नाही असं त्यांना वाटलं असेल का? हे विचारायला कुणी नव्हतं. फोटो नव्हता. वही बंबात गेली होती.

ओळीत सात ग होते. त्यांतले काही पहिल्यापासून ग असणार, काही म. कुठले?

प प म ग । रे ग ग – । असं वाजवून पाहिलं.

प प ग म । रे म ग – । असंही.

ग ग ग रे. इथं तर नक्कीच काहीतरी होतं. तीन ग ओळीनं बाबा कशाला घालतील? पाढे म्हटल्यासारखं लागतं.

म ग म रे. ग म ग रे. म म ग रे.

सगळंच गोड लागत होतं. प्रत्येक वेळी चाल तिची स्वतःची होत होती, वडिलांची होत नव्हती. नऊ जण तिच्या बोटांकडे बघत होते. तिनं वर पाहिलं. “काकू, आठवा ना. कधी गुणगुणले असतील. पेटी पुसताना, कधीतरी.”

“न्हाई गं पोरी,” कोंडाबाई म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. “माजं तोंड शिवलं असतं तर बरं झालं असतं.”

“गोरखभाऊ?”

गोरखनं मान हलवली. “मास्तर असते तर इचारलं असतं, ताई.”

नूतननं पेटीवरून हात उचलले. मग म्हणाली, “लिहिलंय तसंच म्हणू. हे त्यांचं अक्षर आहे.”

स्मरणाच्या उपासनेला देऊळ भरलं होतं. विंझरहून, पालीहून जुने विद्यार्थी आले होते, पागोटी-टोप्या काढायच्या की ठेवायच्या हे न कळून दाराशी उभे होते. मंडळानं चाल म्हटली, सातच्या सात ग सकट. सोनियाचा आवाज कुठला, कोंडाबाईचा कुठला, गोरखचा कुठं संपतो, काही कळत नव्हतं. चौदा आठवडे नूतननं जे मागितलं होतं ते सगळं त्यांनी त्या दिवशी दिलं. ‘वाढ’ हा शेवटचा शब्द नवांनी एका क्षणी सोडला. लोक डोळे पुसत होते. पाळकसाहेब पुढे येऊन म्हणाले, मास्तरांच्या मंडळानं मास्तरांचं चीज केलं.

नूतननं भाता बंद केला आणि पेटीवर कापड घातलं. दारातून कोंडाबाईचं बोलणं तिच्या कानावर आलं. ती गोरखला हळू सांगत होती, “ग्वाड व्हती रं. पन मास्तरांची वाटली न्हाई.”

आनंदरावांनी ती चाल २००९ सालच्या मे महिन्यात, सारोळ्याच्या पुलाअलीकडे बंद पडलेल्या एसटीत बसून दीड तासात बांधली, आणि तिच्यात म चार ठिकाणी होता.